तिरक्या फेकीचा हिशोब : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर

अकरावीच्या गटाचा विषय ठरला : कोनात फेकलेल्या वस्तूचा मार्ग आकडेमोडीने काढायचा आणि तो मैदानावर ताडून बघायचा. पुस्तकात हा भाग दोन-तीन पानांत संपतो. सूत्र येतं, उदाहरणं येतात, उत्तर आलं की पान उलटलं. मुलांना सूत्र तोंडपाठ आहे : पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाची साइन, भागिले ग (गुरुत्वाकर्षणाने येणारं त्वरण). पण चेंडू आत्ता, या घटकेला कुठे आहे असं विचारलं की गाडी अडते.

म्हणून या प्रकल्पाचा नियम एकच ठेवला आहे. सूत्राआधी तक्ता. वेळेचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात आडवी गती किती आणि उभी गती किती ते लिहायचं, त्यावरून चेंडू कुठे पोचला ते मांडायचं. हे ज्याच्या हातात बसलं त्याला सूत्र कुठून आलं ते कळतं, आणि सूत्र कुठे थांबतं तेही कळतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

साहित्य : टेनिसचा जुना बॉल, गल्लीत क्रिकेट खेळून केस गेलेला. वजन ५८ ग्रॅम, व्यास ६.७ सेंटिमीटर. वजन सराफाच्या काट्यावर केलं.

६ डिसेंबर

आज फक्त ‘ग’. वह्यांमध्ये सगळीकडे ९.८ लिहिलेलं असतं. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तावर हा आकडा ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ असतो. जळगाव २१ अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडं वर. मानक सूत्रात हे घातलं की आपल्याकडचा आकडा ९.७८६ येतो.

एका मुलीने विचारलं, “सर, एवढ्याशा फरकाने काय होतं?” तिलाच काढायला लावलं. चोवीस मीटरच्या फेकीत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. आपल्या मोजपट्टीच्या कामात हे धरण्यासारखं नाही, पण पुढे प्रत्येक कारणाला असंच सेंटिमीटरमध्ये तोलायचं आहे, म्हणून सुरुवात इथून. कुठलं कारण किती सेंटिमीटरचं, हे माहीत असलं म्हणजे मैदानावर फरक दिसल्यावर उगाच भलत्या गोष्टीवर बोट ठेवलं जात नाही.

११ डिसेंबर

मळ्यात गेलो होतो. या आठवड्यात दिवसाची लाइट आहे, म्हणून पाण्याचं काम उरकून घेतलं.

पाण्याच्या धारेची गंमत अशी की सगळा मार्ग एकाच वेळी डोळ्यांसमोर असतो. पाण्याचा प्रत्येक थेंब आपापली फेक करतो, आणि मागून येणारा त्याच वाटेने जातो. कॅमेरा लागत नाही. पाइपच्या तोंडाला ८ मिलिमीटर भोकाचं गुळगुळीत तोंड बसवलं. १० लिटरची बादली भरायला ३० सेकंद लागतील इतका कॉक सोडला. म्हणजे सेकंदाला एक तृतीयांश लिटर. याला भोकाच्या क्षेत्रफळाने भागलं की धारेचा वेग निघतो : ६.६३ मीटर प्रति सेकंद. बादली आणि घड्याळ एवढ्यावर वेग मोजता येतो हे बघून पोरं खूश झाली.

पाइपचं तोंड जमिनीलगत, ४५ अंशांवर धरलं. ओळंबा आणि कोनमापक एकत्र बांधून कोन बघायचं साधन मुलांनीच केलं आहे. हिशोबाने धार ४.४९ मीटरवर पडायला हवी आणि जास्तीत जास्त १.१२ मीटर उंच जायला हवी. ४५ अंशांवर उंची ही पल्ल्याच्या बरोबर पाव असते. वेग काहीही असो, हे नातं बदलत नाही. पोरांनी मागे बांबू उभा करून उंची बघितली, ती सव्वा मीटरच्या आतच, हिशोबाला धरून. पल्ला मात्र एका रेषेवर सापडत नाही. धार वर जाताना काचेसारखी सलग असते, माथ्यावर तुटायला लागते आणि खाली येताना थेंबांचा पट्टा होतो. जाड थेंब पुढे पडतात, बारीक थेंब अलीकडेच बसतात. ओल्या मातीचा पट्टा चार मीटरपासून साडेचारच्या जवळपासपर्यंत होता.

एकाच वेगाने, एकाच कोनात निघालेलं पाणी, आणि बारीक थेंब आधी पडतो. का, हे मी सांगितलं नाही. वहीत प्रश्न म्हणून लिहून ठेवायला लावलं.

१७ डिसेंबर

फेकयंत्र झालं. तीन इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ केली, लांबी साठ सेंटिमीटरच्या वर. ती लोखंडी घोड्यावर बिजागरीने बसवली, म्हणजे कोन बदलता येतो. घोडा गावातल्या वेल्डिंगवाल्याने करून दिला. ताणायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. पन्हळीचं तोंड जमिनीपासून बरोबर १ मीटर राहील अशी घोड्याची उंची ठेवली.

बॉल सरळ पन्हळीत ठेवून सोडला की तो घरंगळत निघतो, आणि घरंगळलेला बॉल हवेत फिरतच जातो. बॉलवर मार्करने जाड काळी रेघ ओढून स्लो मोशनमध्ये बघितलं तर रेघ गरगर फिरताना स्पष्ट दिसते. फिरणाऱ्या बॉलला हवा एका बाजूला ढकलते. वरची बाजू पुढे फिरत असेल तर तो लवकर खाली येतो. हे बल आपल्या तक्त्यात नाही. म्हणून सुतारकामाच्या दुकानातून लाकडाचा छोटा गाडा करून आणला, वर वाटीसारखा खोलगट. ट्यूब गाड्याला ओढते, गाडा पन्हळीच्या टोकाला अडतो, बॉल तसाच पुढे सुटतो. आता रेघ हवेत जवळजवळ स्थिर दिसते. एवढ्या एका गोष्टीला दुपार गेली, पण ती दुपार कारणी लागली.

२१ डिसेंबर

वेग मोजणं. मोबाइलचा स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेम घेतो. पन्हळीच्या तोंडापुढे, त्याच कोनात, पांढऱ्या-काळ्या खुणांची एक मीटरची फळी उभी केली. बॉलला हे एक मीटर ओलांडायला सोळा आणि सतराच्या मधल्या फ्रेम लागतात. सरासरी वेग निघतो १४.६ च्या आसपास.

पण हा तोंडाशी असलेला वेग नव्हे. त्या एका मीटरमध्येच बॉल मंदावतो. गुरुत्वाकर्षण त्याला मागे ओढतं, हवाही अडवते. दोन्ही मिळून सेकंदाला साधारण ११ मीटर प्रति सेकंद इतकी घट. सरासरी वेग म्हणजे मधल्या क्षणाचा वेग, तिथून तोंडापर्यंत मागे गेलं की ०.४ मिळवायचे. तोंडाशी वेग १५ मीटर प्रति सेकंद.

इथे मी मुलांना बराच वेळ थांबवलं, कारण सगळ्या प्रकल्पात सर्वांत नाजूक आकडा हाच आहे. पल्ला वेगाच्या वर्गावर चालतो. वेगात दोन टक्के फरक म्हणजे बिनहवेच्या हिशोबात पल्ल्यात चार टक्के, चोवीस मीटरच्या फेकीत जवळपास एक मीटर. कोनाचं तसं नाही. जमिनीलगतून फेकलं तर ४५ अंशांच्या आसपास एक अंश इकडेतिकडे झाला तर दीड सेंटिमीटरचाही फरक पडत नाही. तोच एक अंश ३० वर चुकला तर चाळीस सेंटिमीटर जातात. ट्यूब किती ताणायची याची खूण खिळा ठोकून पक्की केली.

२८ डिसेंबर

बिनहवेचा हिशोब. हा सगळ्यांनी कागदावर केला, कॅल्क्युलेटर फक्त गुणाकाराला.

वेग १५, कोन ४५. आडवी गती १०.६१, उभी गतीही १०.६१. आडव्या गतीला कोणी हात लावत नाही, ती शेवटपर्यंत तीच. उभी गती दर सेकंदाला ९.७८६ ने कमी होते, शून्य होते, मग उलटी वाढते. दोन्ही रकाने एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं : आडवी एकसमान चाल आणि उभी वाढती चाल एकत्र केली की अन्वस्त वक्र (पॅराबोला) मिळतो. त्याच्या शंभर वर्षं आधी, १५३७ मध्ये, इटलीतल्याच तार्तालियाने ४५ अंशांवर तोफेचा गोळा सर्वांत लांब जातो असं लिहिलं होतं, पण मार्ग काय आकाराचा ते त्याला सांगता आलं नव्हतं. रकाने वेगळे करण्याची युक्ती तेव्हा कोणाच्या हाती नव्हती.

उत्तरं : माथा ६.७५ मीटर उंचीवर. जमिनीला टेकायला २.२६ सेकंद. पल्ला २३.९५ मीटर. (तोंड एक मीटर उंच आहे म्हणून. जमिनीलगत असतं तर २२.९९.)

मुलांनी अंदाज लिहून चिठ्ठ्या बंद केल्या : प्रत्यक्षात किती येईल? बहुतेकांनी तेवीसच्या वर लिहिलं.

४ जानेवारी

हवा आत आणली.

हवेचा रोध वेगाच्या वर्गावर चालतो, आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर चालतो, हवेच्या घनतेवर चालतो. शिवाय वस्तूच्या आकाराचा एक गुणांक. टेनिस बॉलसाठी वाऱ्याच्या बोगद्यात झालेल्या मोजमापांत हा गुणांक साधारण ०.५ ते ०.६५ च्या दरम्यान येतो. नव्या केसाळ बॉलला जास्त, झिजलेल्याला कमी. आपल्यासाठी ०.५५ धरला. हवेची घनता २४ अंश सेल्सिअस आणि जळगावच्या उंचीला १.१६ किलोग्रॅम प्रति घनमीटर. सगळं गुणून, निम्मं करून, वजनाने भागून एकच आकडा हातात येतो : ०.०१९४. याला आम्ही ‘रोधांक’ म्हणतो. क्षणाचा वेग आणि रोधांक यांचा गुणाकार केला, त्याला त्या दिशेच्या गतीने गुणलं, की त्या दिशेने गती किती झपाट्याने घटते ते मिळतं.

आता दोन्ही रकाने एकमेकांना बांधले गेले. आडव्या गतीची घट एकूण वेगावर अवलंबून, आणि एकूण वेगात उभी गतीही आहे. म्हणून वेगवेगळं सोडवता येत नाही. वेगाच्या वर्गाने चालणाऱ्या रोधाला ४५ अंशांच्या फेकीसाठी साधं सरळ सूत्र निघत नाही. इथे तक्ताच लागतो.

पहिला तुकडा फळ्यावर सगळा मांडला. तो तसाच लिहून ठेवतो.

वेळेचा तुकडा ०.२ सेकंद. सुरुवातीला वेग १५. रोधांक गुणिले वेग = ०.२९१. याला आडव्या गतीने गुणलं : ३.०९. एवढ्या दराने आडवी गती घटते आहे. उभी गती रोधामुळे ३.०९ आणि गुरुत्वामुळे ९.७९, एकूण १२.८७ या दराने घटते. पण हे दर तुकड्याच्या सुरुवातीचे आहेत, ०.२ सेकंदात ते बदलणारच. म्हणून आधी अर्ध्या वाटेवर, ०.१ सेकंदावर जाऊन बघायचं : आडवी १०.३०, उभी ९.३२, एकूण वेग १३.८९. या मधल्या क्षणाचे दर काढायचे : आडवा २.७७, उभा १२.३०. आणि हेच दर पूर्ण ०.२ सेकंदांना लावायचे. तुकड्याच्या शेवटी आडवी गती १०.०५, उभी ८.१५. जागा मधल्या गतीवरून : आडवं अंतर २.०६, उंची २.८६.

बस. पुढचा तुकडा इथून सुरू. हेच परत परत.

मुलं तीन-तीनच्या गटात बसली. एक जण वर्गमूळ काढणार, एक जण गुणाकार, एक जण लिहिणार. तक्त्याच्या काही ओळी :

०.६ सेकंद : अंतर ५.९०, उंची ५.२१
१.० सेकंद : अंतर ९.४५, उंची ५.८७
१.४ सेकंद : अंतर १२.७७, उंची ४.९८
१.८ सेकंद : अंतर १५.८७, उंची २.६३
२.० सेकंद : अंतर १७.३३, उंची ०.९६

जमीन लागते २.१० सेकंदांनी, १८.०४ मीटरवर.

वर्ग शांत झाला. २३.९५ चे १८.०४. जवळपास सहा मीटर हवेने खाल्ले, म्हणजे पल्ल्याचा चौथा हिस्सा. मार्गही बदलला. माथा ९.१७ मीटर आडव्या अंतरावर येतो, पण तिथून तोंडाच्या उंचीपर्यंत उतरायला ८.१२ मीटरच लागतात. चढण लांब, उतार आखूड. बिनहवेत बॉल जमिनीला ४७ अंशांत टेकला असता, आता ५५ अंशांत. हा वक्र अन्वस्त उरलेला नाही.

त्या बारीक थेंबांचं उत्तर आता एका मुलीने स्वतःहून दिलं. वजन घटतं व्यासाच्या घनाने, क्षेत्रफळ घटतं वर्गाने. थेंब बारीक, तर रोधांक मोठा.

५ जानेवारी

तुकडा ०.२ ऐवजी ०.१ घेऊन एका मुलाने रात्री स्प्रेडशीटमध्ये सगळं परत केलं. हाताच्या उत्तरात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या पलीकडे काही हललं नाही. मधल्या क्षणाचा दर वापरल्याचा हा फायदा. म्हणजे तुकडा पुरेसा लहान आहे.

१२ जानेवारी

मैदान. पहाटे गेलो, कारण सूर्य वर आला की वारा सुटतो. मुलांनी तापीकाठच्या गावातलं रिकामं खळं आदल्या दिवशी झाडून घेतलं होतं. दर मीटरला चुन्याची रेघ, पंधरापासून पंचविसापर्यंत. खळ्यावर बारीक माती पसरली, बॉल पडला की खळगा उमटतो. मोजायचं खळग्याच्या अलीकडच्या कडेपासून, कारण बॉल तिथे पहिल्यांदा टेकतो.

पहिला बॉल अठराच्या रेघेच्या हातभर अलीकडे पडला. पोरांनी एकच गलका केला. नंतरचे बरेचसे साडेसतरा ते साडेअठराच्या पट्ट्यात आले, सरासरी सतरा मीटर नव्वदच्या जवळ. चिठ्ठ्या उघडल्या. तेवीस लिहिणारी पोरं आपल्याच चिठ्ठीकडे बघत राहिली.

पट्टा मीटरभर रुंद का, याचं उत्तर २१ डिसेंबरच्या नोंदीत आहे. ट्यूब प्रत्येक वेळी सारखाच वेग देत नाही. वेगात दोन टक्क्यांची हालचाल धरली की एवढा पट्टा यायलाच हवा.

खळ्याच्या मालकांचे वडील, आप्पा, शाल गुंडाळून बाजूला उभे होते. “भाऊ, हाई काय करी ऱ्हायनात?” म्हणून विचारलं. सांगितलं. थोडा वेळ बघून म्हणाले, “उंच फेका ते वारा खाई जास.” गोफण चालवलेल्या माणसाचं वाक्य आहे. त्यांना म्हटलं, आप्पा, एकदा दाखवाच.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळीकडे पतंग. काम बंद.

१९ जानेवारी

मुलांना घेऊन चाळीसगावजवळच्या पाटण्याला जाऊन आलो. सहल म्हणून मागितली होती, पण माझ्या मनात प्रकल्पच होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापन केला, निकुंभ सरदारांनी त्याला दान दिलं, आणि तसा शिलालेख १२०७ साली इथे कोरला गेला. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० सालचा. खानदेशात, आपल्या घरापासून दोन-तीन तासांवर, गणिताच्या अभ्यासासाठी मठ होता हे मुलांना माहीतच नव्हतं.

त्या ग्रंथातला जो भाग मी त्यांना सांगितला तो आमच्या तक्त्याला थेट भिडणारा आहे. चंद्राची गती दिवसभरात बदलते. आजची जागा आणि उद्याची जागा यांतला फरक घेऊन काढलेली दिवसाची गती सकाळी आणि संध्याकाळी सारखीच लागू केली तर जागा चुकते. म्हणून भास्कराचार्य तात्कालिक गती वापरायला सांगतात, त्या क्षणाची. आणि ज्येच्या वाढीचा दर कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे तिथे हिशोबात वापरलेलं आहे. साइनचा बदल कोसाइनने चालतो, हे आज आपण अकरावी-बारावीत शिकतो. दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याचा नियमही त्यांनी ज्योत्पत्ती या प्रकरणात दिला. दोन्ही कोन सारखे घेतले की आपल्या पल्ल्याच्या सूत्रातली दुप्पट कोनाची साइन तिथूनच निघते.

फेकलेल्या वस्तूंचा हिशोब त्यांनी केला असं मी मुलांना सांगितलं नाही, तो त्यांचा विषय नव्हता. पण बदलत्या गतीला तुकड्यातुकड्याने पकडायचं, आणि तुकड्यासाठी दर त्या क्षणाचा घ्यायचा, ही पद्धत आपण ४ तारखेला फळ्यावर केली तिच्या फार जवळची आहे. मला वाटतं खानदेशातल्या अकरावीच्या मुलाला हे ठाऊक असायला हवं, अभिमानासाठी नव्हे तर वापरण्यासाठी.

येताना बसमध्ये दोघं जण मोबाइलवर तक्ता भरत होते.

२७ जानेवारी

आप्पांच्या शेतात. दादर (रब्बी ज्वारी) फुलोऱ्यातून दाण्यावर आली आहे, पाखरांचा हैदोस सुरू. मचाणावर उभं राहून आप्पांनी गोफण फिरवली, रिकाम्या पडीत वावराकडे तोंड करून. मुलांना मागे, लांब उभं केलं होतं. समोर कोणी नाही याची दोनदा खात्री केली.

स्लो मोशनमध्ये दोरी सुटतानाचा कोन बघितला. चाळीसच्या खालीच, काही फेकी पस्तीसच्या आसपास. ४५ अंशांचं गणित त्यांना कोणी शिकवलं नाही, आणि त्यांचा हात त्याच्या खाली राहतो.

एक दगड वहीत नोंदवून आणला. काळा पाषाण, बॉलच्याच वजनाचा, ५८ ग्रॅम. व्यास साधारण ३.४ सेंटिमीटर, म्हणजे बॉलच्या निम्मा. छेद चौथा हिस्सा. आकाराचा गुणांक तोच धरला तरी रोधांक ०.०१९४ वरून ०.००५० वर येतो. वजन तेच, पण हवेला अडवायला जागा पाव. गोफणीला दगड का लागतो, ढेकूळ किंवा फळ का चालत नाही, याचं कारण घनतेत आहे.

३ फेब्रुवारी

४५ च्या खाली नेमकं कुठे? याला दोन कारणं, आणि ती वेगळी करणं हेच आजचं काम.

पहिलं कारण तोंडाची उंची. एक मीटर वरून, १५ च्या वेगाने, हवा अजिबात नसताना सर्वांत लांब पल्ला ४३.८ अंशांवर मिळतो. दुसरं कारण हवा. ती आणखी खाली ओढते. तक्ता ४० अंशांसाठी भरला : १८.१४ मीटर. ४५ साठी १८.०४ होता. सर्वोत्तम कोन ४१-४२ च्या आसपास बसतो.

पण फरक बघा, दहा सेंटिमीटर. आमच्या खळ्यावरचा पट्टा मीटरभराचा. एवढ्या फेकींतून ४० बरा की ४५, हे खळ्यावर दाखवता येणार नाही, आणि मुलांनी निष्कर्षात तसं लिहू नये असं स्पष्ट सांगितलं. सर्वोत्तम कोनाजवळ पल्ल्याचा आलेख सपाट असतो. आप्पांना पाच अंश खाली फेकून पल्ल्यात जवळजवळ काहीच गमवावं लागत नाही. शिवाय दगड कमी वेळ हवेत राहतो आणि पाखरू उडायच्या आत पोचतो.

एकाने विचारलं, मे महिन्यात काय होईल? चांगला प्रश्न. ४३ अंशांच्या दुपारी, दाब तोच धरला तर, हवेची घनता १.०९. थंडीतल्या १२ अंशांच्या पहाटे १.२१. तोच बॉल मे महिन्यात चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर पुढे पडेल. कागदावर.

९ फेब्रुवारी

३० आणि ६०. पुस्तक म्हणतं, बेरीज ९० अंश होणाऱ्या जोडकोनांचा पल्ला सारखा. जमिनीवरून जमिनीवर, बिनहवेत, १५ च्या वेगाला दोन्हींचा १९.९१ मीटर. हे वाक्य परीक्षेत हमखास येतं, म्हणून ते खळ्यावर बघायचंच होतं.

आधी तक्ते. एक मीटर उंचीमुळे बिनहवेतच जोडी फुटते : ३० ला २१.५१, ६० ला २०.४७. हवा घातली : ३० ला १७.०६, ६० ला १५.१६. म्हणजे मीटरभराचा फरक उंचीचा, उरलेला हवेचा. ६० अंशांवर बॉल अडीच सेकंद हवेत राहतो, ३० वर दीड सेकंदाच्या थोडं वर. तेवढा जास्त वेळ हवा त्याला धरून ठेवते.

आणखी एक बारीक गोष्ट मुलांनी पकडली, मी सुचवण्याआधी. पन्हळ उभी केली की गाड्याला बॉल वर चढवावा लागतो, त्यात वेग जातो. ६० सेंटिमीटरच्या पन्हळीत ३० आणि ६० मध्ये सेकंदाला १४ सेंटिमीटर इतका फरक निघाला. म्हणून ६० साठी ट्यूबचा खिळा थोडा मागे सरकवून फळीवर पुन्हा वेग मोजला, १५ आल्यावरच फेकी घेतल्या.

खळ्यावर ३० चे खळगे सतराच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, ६० चे पंधराच्या आसपास. दोन पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये कोरी माती दिसते. हा फरक निर्विवाद आहे, हा निष्कर्षात लिहायचा.

१६ फेब्रुवारी

बारावीच्या परीक्षेसाठी खोल्या रिकाम्या करायच्या आहेत, सामान स्टोअरमध्ये गेलं. वहीत जोडलं : सर्व कच्च्या नोंदी, चार कोनांचे हाताने भरलेले तक्ते, पहिल्या तुकड्याची पूर्ण आकडेमोड, बॉलचं आणि दगडाचं वजन-माप.

पुढच्या तुकडीला वारा घ्यायचा आहे. तक्ता तोच राहील. फक्त रोध काढताना बॉलची जमिनीच्या तुलनेतली गती न घेता वाऱ्याच्या तुलनेतली घ्यायची : आडव्या गतीतून वाऱ्याची गती वजा करायची, तिच्यावरून एकूण वेग काढायचा, आणि त्याच वजा केलेल्या गतीला रोधांक लावायचा. जागा मात्र जमिनीच्या तुलनेतल्या गतीनेच पुढे सरकवायची. एक रकाना वाढेल. तो आत्ताच आखून ठेवला आहे.